वॉलेटचा परवाना: दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याची परवानगी कशी मिळते?

मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये आधी पैसे भरून ठेवायचे आणि लागतील तसे दुकानात, रिक्षाला किंवा वीजबिलासाठी वापरायचे, ही सोय मुंबईकरांच्या अंगवळणी पडली आहे. असे वॉलेट स्वतः सुरू करायचे असेल तर काय करावे लागते, याविषयी मात्र नव्या उद्योजकांमध्ये बरेच गैरसमज आहेत. बहुतेक जण आधी अ‍ॅप तयार करतात, दुकानदार जोडतात, जाहिरातीवर खर्च करतात आणि परवान्याचा विषय सर्वांत शेवटी काढतात. हा क्रम उलटा आहे. रिझर्व्ह बँक परवानगी देते ती अ‍ॅप चालवण्याची नसते. ग्राहकाने भरलेले पैसे तो खर्च करेपर्यंत आपल्या ताब्यात ठेवण्याची ती परवानगी असते. एवढे एक ध्यानात ठेवले, तर नियमांच्या जाडजूड कागदपत्रांतील जवळजवळ प्रत्येक अट कशासाठी आहे हे आपोआप समजू लागते.

प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. युरोपात अशा व्यवसायाला ‘इलेक्ट्रॉनिक मनी’ म्हणतात आणि युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार त्यासाठी किमान साडेतीन लाख युरोंचे प्रारंभिक भांडवल लागते. भारतात या नावाचा परवाना नाही. आपल्याकडे वॉलेट, प्रीपेड कार्ड आणि गिफ्ट कार्ड या सगळ्यांना मिळून ‘प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट’, थोडक्यात ‘पीपीआय’ म्हणतात. युरोपातील एखाद्या देशाचा परवाना पैसे मोजून मिळवून देणारे सल्लागार असतात; परंतु त्या परवान्यावर भारतातील ग्राहकांकडून एक रुपयाही वॉलेटमध्ये घेता येत नाही.

आपल्याकडचा मूळ कायदा म्हणजे पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७. तो १२ ऑगस्ट २००८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ नुसार रिझर्व्ह बँकेच्या अधिकारपत्राशिवाय कोणालाही पैसे देण्या-घेण्याची व्यवस्था सुरू करता येत नाही. कोणी केलीच, तर कलम २६ नुसार किमान एक महिना ते कमाल दहा वर्षे कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि उल्लंघन चालू राहिल्यास दर दिवशी एक लाख रुपयांपर्यंत वाढीव दंडाची तरतूद आहे. ‘आधी सुरू करू, परवाना मागाहून बघू’ असे म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा स्वतः वाचावे. एप्रिल २०२४ मध्ये परवान्याविना वॉलेट चालवणाऱ्या गुरुग्रामच्या एका कंपनीला रिझर्व्ह बँकेने ते थांबवून ग्राहकांची शिल्लक परत करण्याचा आदेश दिला होता आणि लोकांना जाहीरपणे सावध केले होते.

कायद्याखालचे तपशीलवार नियम पीपीआयविषयीच्या मुख्य निर्देशांत आहेत. ते २७ ऑगस्ट २०२१ रोजी निघाले आणि नंतर त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. पुढील आकडे त्याच निर्देशांमधले आहेत. अर्ज करण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील अद्ययावत प्रत मात्र अवश्य पाहावी.

परवाना नेमका कोणाला लागतो?

समजा, दादर, विलेपार्ले आणि ठाणे येथे एकाच कंपनीची तीन उपाहारगृहे आहेत. कंपनीने ग्राहकांसाठी एक कार्ड काढले. ग्राहकाने त्यात पाचशे रुपये भरायचे आणि तिन्हींपैकी कोठेही मिसळ, थालीपीठ, पियूष घेतले की तेवढी रक्कम कार्डातून वजा व्हायची. येथे पैसे घेणारी आणि पदार्थ देणारी कंपनी एकच आहे आणि कार्डातून रोख रक्कम काढता येत नाही. याला ‘क्लोज्ड सिस्टिम’ पीपीआय म्हणतात. रिझर्व्ह बँक त्याला पेमेंट व्यवस्था मानत नाही, त्यामुळे त्यासाठी परवानगी लागत नाही.

काही महिन्यांनी शेजारच्या पुस्तकाच्या दुकानदाराने विचारले, ‘तुमचे कार्ड माझ्याकडेही चालले तर?’ सूचना साधी आणि गिऱ्हाइकाच्या सोयीची आहे. तथापि ती मान्य केली त्या क्षणी कार्डाचे स्वरूप कायद्याच्या दृष्टीने बदलते. आता उपाहारगृहाची कंपनी ग्राहकाचा पैसा घेऊन तिसऱ्याच व्यक्तीला पोहोचवते, आणि मधल्या काळात तो पैसा तिच्या खात्यात पडून राहतो. कंपनी बुडाली तर ग्राहकाचे पाचशे रुपये जातील आणि पुस्तकवाल्याने दिलेल्या पुस्तकांची किंमतही बुडेल. म्हणूनच या टप्प्यावर परवाना लागतो. ठाण्याची शाखा उद्या वेगळ्या मालकाला फ्रँचायझी म्हणून दिली, तरी हाच प्रश्न उभा राहतो, कारण ब्रँड एक असला तरी कंपनी एक राहत नाही. वर्षानुवर्षे बिनघोर चाललेली कूपन आणि कार्डे अशा बदलानंतर नकळत नियमाच्या कक्षेत येतात. फ्रँचायझीच्या करारावर सही करण्यापूर्वीच हे तपासून घेतलेले बरे.

आणखी एक फरक सांगायला हवा. ग्राहकाचा पैसा वॉलेटमध्ये साठवायचा नाही, केवळ त्याने बँकेतून किंवा कार्डाने दिलेली रक्कम गोळा करून दुकानदारांना पोहोचवायची, असा व्यवसाय असेल, तर तो ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर’ ठरतो. त्याचा परवाना वेगळा आहे आणि भांडवलाची अटही अधिक कडक आहे: अर्जाच्या वेळी १५ कोटी आणि पुढे २५ कोटी रुपये. आपला व्यवसाय या दोहोंपैकी कोणता हे आधी ठरवावे. चुकीच्या परवान्यासाठी केलेल्या अर्जात अर्जदाराचे कित्येक महिने वाया जातात.

पाच कोटी, आणि ते कसे मोजतात

बँकेतर अर्जदार ही भारतात नोंदणी झालेली कंपनी असावी लागते. भागीदारी संस्था किंवा एकल मालकी चालत नाही. कंपनीच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे उद्देशपत्रात, पीपीआय देण्याचा व्यवसाय स्पष्ट लिहिलेला असावा लागतो. ही बाब किरकोळ वाटते, पण उद्देशपत्रात दुरुस्ती करायची तर भागधारकांचा विशेष ठराव आणि कंपनी निबंधकांकडील नोंद हे सोपस्कार करावे लागतात, म्हणून ते काम सर्वप्रथम उरकून घ्यावे. परदेशी गुंतवणूक असलेल्या कंपनीला त्या धोरणाच्या अटीही पाळाव्या लागतात, आणि दुसऱ्या एखाद्या वित्तीय नियामकाच्या अखत्यारीत असलेल्या कंपनीला त्या नियामकाचे ना-हरकत पत्र जोडावे लागते.

खरी परीक्षा नेटवर्थची, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या निव्वळ भांडवलाची आहे. अर्जाच्या वेळी शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदानुसार किमान पाच कोटी रुपये नेटवर्थ हवे. अंतिम अधिकारपत्र मिळाल्यानंतरच्या तिसऱ्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस ते १५ कोटींवर गेले पाहिजे आणि त्यानंतर कायम तेवढे राहिले पाहिजे. नव्या कंपनीकडे लेखापरीक्षित ताळेबंद नसेल, तर तात्पुरत्या ताळेबंदासह सीएचे प्रमाणपत्र द्यावे लागते.

येथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. गुंतवणूकदारांनी सहा कोटी रुपये दिले म्हणजे नेटवर्थ सहा कोटी झाले, असे नसते. भरणा झालेले समभाग भांडवल, सक्तीने समभागांत रूपांतरित होणारे प्राधान्य भाग, मुक्त राखीव निधी, शेअर प्रीमियम यांची बेरीज करायची आणि त्यातून साचलेला तोटा, लांबणीवर टाकलेला महसुली खर्च आणि अमूर्त मालमत्तेची पुस्तकी किंमत वजा करायची. समजा, सहा कोटींपैकी दीड कोटी अ‍ॅप बनवण्यात गेले आणि लेखापालाने ते सॉफ्टवेअर ‘मालमत्ता’ म्हणून ताळेबंदात दाखवले. कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु सॉफ्टवेअर ही अमूर्त मालमत्ता असल्याने ते दीड कोटी वजा होतात, शिवाय पहिल्या वर्षाचा चाळीस लाखांचा तोटा वजा होतो, आणि हाती उरतात चार कोटी दहा लाख. बँकेत पैसे दिसत असूनही अर्ज पात्रतेच्या पहिल्या चाळणीतच अडकतो. ही वजावट मला पूर्णपणे योग्य वाटते, कारण व्यवसाय बंद पडला तर अर्धवट अ‍ॅप विकून ग्राहकांची देणी फेडता येत नाहीत.

अर्ज, आणि मंजुरीचे दोन टप्पे

अर्ज विहित ‘फॉर्म ए’मध्ये करायचा असतो आणि त्याचे शुल्क दहा हजार रुपये आहे. तो ज्या विभागाकडे जातो, तो पेमेंट आणि सेटलमेंट विभाग मुंबईतच, फोर्टमधील शहीद भगतसिंग मार्गावरील रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय कार्यालयात आहे. कार्यालय हाकेच्या अंतरावर असल्याचा मुंबईकर अर्जदाराला पूर्वी जो थोडासा लाभ वाटे, तोही आता उरलेला नाही, कारण १ मे २०२५ पासून असे अर्ज ‘प्रवाह’ या ऑनलाइन पोर्टलवरूनच करणे बंधनकारक झाले आहे.

अर्जासोबत संचालकांची माहिती आणि घोषणापत्रे द्यावी लागतात. संचालक ‘योग्य आणि पात्र’ आहेत का, म्हणजे त्यांची आर्थिक सचोटी, पूर्वीचे व्यवहार, त्यांच्याविरुद्धची प्रकरणे, हे सारे पाहिले जाते आणि त्यासाठी रिझर्व्ह बँक अन्य यंत्रणांकडूनही माहिती मागवू शकते. त्याशिवाय ग्राहकसेवा, तांत्रिक क्षमता आणि सुरक्षा यांची छाननी होते. कायद्याने अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा ठेवली आहे. अर्ज नाकारायचा असेल, तर आधी लेखी नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते.

सगळे समाधानकारक वाटले, की तत्त्वतः मंजुरी मिळते. ती मिळताच कंपन्या जाहिरात करू लागतात. हे घाईचे आहे. या मंजुरीच्या बळावर ग्राहकांचे पैसे घेता येत नाहीत. ती सहा महिने टिकते आणि तेवढ्या मुदतीत प्रणालीचे लेखापरीक्षण करून त्याचा अहवाल व सीएचे नेटवर्थ प्रमाणपत्र सादर करावे लागते. मुदत एकदाच, जास्तीत जास्त सहा महिन्यांनी वाढवून मिळू शकते. अहवालातून यंत्रणा सुरक्षित, भक्कम आणि कार्यक्षम असल्याचे दिसले पाहिजे, म्हणूनच परीक्षकाला शेवटच्या महिन्यात बोलावण्यात अर्थ नाही. त्याने काढलेल्या त्रुटी दुरुस्त करून फेरतपासणी करून घ्यायलाच काही आठवडे जातात. त्यानंतर अंतिम अधिकारपत्र मिळते आणि तेथून सहा महिन्यांत व्यवसाय सुरू करावा लागतो, नाही तर अधिकारपत्र रद्दबातल होते. येथेही एकदाच मुदतवाढ आहे.

एस्क्रो खाते: सगळ्या नियमांचा गाभा

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ हजार रुपये काढण्याची मुभा होती. मुंबईतील कित्येक कुटुंबांनी तो काळ सोसला आहे. आपला पैसा दुसऱ्याच्या ताब्यात अडकला म्हणजे काय होते, हे या शहराला सांगावे लागत नाही. बँकेतील ठेवींना आज निदान पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. बँकेतर कंपनीच्या वॉलेटमधील शिलकीला ते नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम एस्क्रो खाते, म्हणजे ग्राहकांचा पैसा ठरलेल्या कामांसाठीच वेगळा ठेवणारे बँक खाते, करते.

ग्राहकांनी भरलेली सगळी रक्कम एखाद्या शेड्यूल्ड कमर्शियल बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. हवे असल्यास दुसऱ्या बँकेत आणखी एक असे खाते उघडता येते. नियम असा, की दिवसअखेर या खात्यातील रक्कम ग्राहकांच्या वॉलेटमधील एकूण शिल्लक आणि दुकानदारांना द्यायची रक्कम, या दोन्हींच्या बेरजेपेक्षा कमी असता कामा नये.

एका दिवसाचा हिशेब पाहू. सायंकाळी सर्व ग्राहकांच्या वॉलेटमध्ये मिळून ४० लाख रुपये आहेत. दुकानदारांना सहा लाख द्यायचे आहेत. म्हणजे खात्यात किमान ४६ लाख हवेत. परंतु त्या ४० लाखांपैकी तीन लाख रुपये कुर्ला आणि भांडुपच्या एजंटांनी दिवसभरात रोख घेऊन वॉलेटमध्ये भरले आहेत आणि ती रोकड अजून त्यांच्या गल्ल्यातच आहे. ग्राहकाला शिल्लक दिसते, तो ती खर्चही करू शकतो, पण एस्क्रोमध्ये ४३ लाखच आहेत. नियमानुसार वॉलेट ज्या दिवशी भरले, त्याच दिवशीच्या कामकाजाच्या अखेरीस पैसे एस्क्रोमध्ये आले पाहिजेत, मग ते एजंटाने घेतलेले का असेनात. त्यामुळे हे तीन लाख कंपनीला आपल्या खिशातून भरावे लागतात आणि नंतर एजंटाकडून वसूल करावे लागतात. पाच कोटींचे नेटवर्थ कशासाठी, याचे एक उत्तर या तीन लाखांत आहे. एजंटांचे जाळे वाढले की अशी रोजची उचलही वाढते. तिच्यासाठी वेगळे खेळते भांडवल न ठेवता वॉलेट काढणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

एस्क्रोतून पैसे कशासाठी काढता येतील याची ठरलेली यादी आहे: दुकानदारांना रक्कम देणे, ग्राहकाला परतावा, कर, आणि कंपनीचे स्वतःचे कमिशन यांसारख्या बाबी. कर्मचाऱ्यांचे पगार, कार्यालयाचे भाडे किंवा जाहिरातीचा खर्च या खात्यातून भागवता येत नाही आणि या रकमेवर कर्जही उचलता येत नाही. पुरेशी शिल्लक राखल्याचे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र दर तिमाहीला द्यावे लागते. कायद्यात पुढे घातलेल्या कलम २३ए मुळे कंपनी दिवाळखोरीत निघाली, तरी या पैशावर पहिला हक्क ज्यांना तो देणे आहे त्यांचाच राहतो. इतर धनको त्याला हात लावू शकत नाहीत.

मग वॉलेट कंपनी पडून असलेल्या पैशावर व्याज कमवत नाही का? अगदी मर्यादित प्रमाणात कमवू शकते. किमान एक वर्ष, म्हणजे २६ पंधरवडे, व्यवसाय झाल्यावर प्रत्येक पंधरवड्यातील सर्वांत कमी दैनिक शिल्लक घ्यायची आणि त्या २६ आकड्यांची सरासरी काढायची. ही जी ‘गाभ्याची’ रक्कम येते, तेवढ्यावरच बँकेकडून व्याज घेता येते. ग्राहकाला मात्र वॉलेटमधील शिलकीवर व्याज देण्यास मनाई आहे. लोकांचा पैसा फिरवून नफा काढण्याच्या कल्पनेवर ज्यांची व्यवसाय योजना उभी आहे, त्यांनी ती येथेच बाजूला ठेवावी. उत्पन्न दुकानदारांकडून मिळणारे शुल्क आणि कमिशन यांतूनच उभे करावे लागते.

ग्राहकाची ओळख आणि मर्यादा

वॉलेट दोन प्रकारची असतात. ‘स्मॉल पीपीआय’ किमान माहितीवर, म्हणजे ओटीपीने पडताळलेला मोबाइल क्रमांक आणि नाव व ओळखपत्र क्रमांकाचे स्वयंघोषणापत्र यांवर उघडता येते. त्यात कोणत्याही वेळी दहा हजारांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, महिन्यात दहा हजार आणि वर्षात एक लाख वीस हजारांहून अधिक भरता येत नाहीत, आणि ते केवळ खरेदीसाठी वापरता येते. त्यात रोख भरण्याची सोय असेल, तर २४ महिन्यांत पूर्ण केवायसी करून घ्यावी लागते. पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटमध्ये दोन लाख रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते, पैसे दुसऱ्याला पाठवता येतात आणि ते यूपीआयशी जोडून देणे बंधनकारक आहे. गिफ्ट कार्डाची मर्यादा दहा हजार, तर मेट्रो-बससाठीच्या वाहतूक कार्डाची तीन हजार रुपये.

या मर्यादा जाचक वाटल्या, तरी त्यांचे कारण उघड आहे. ओळख जितकी कच्ची, तितकी रक्कम लहान, म्हणजे फसवणूक किंवा काळ्या पैशाचा शिरकाव झालाच तरी नुकसान मर्यादित राहते. याच हेतूने काळा पैसा प्रतिबंधक कायद्यानुसार संशयास्पद व्यवहारांची माहिती वित्तीय गुप्तवार्ता यंत्रणेला कळवावी लागते, आणि पीपीआयवरील सर्व व्यवहारांची नोंद किमान दहा वर्षे जपावी लागते. एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार ही पेमेंटची माहिती भारतातच साठवायची असते, हे सर्व्हर निवडतानाच लक्षात घ्यावे.

ग्राहकाच्या परवानगीविना पैसे गेले आणि चूक कंपनीची असेल, तर तोटा कंपनीनेच सोसायचा. चूक ग्राहकाची नाही आणि कंपनीचीही नाही, पण ग्राहकाने तीन दिवसांत कळवले, तर त्याला काहीही भुर्दंड बसत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास त्याची जबाबदारी व्यवहाराची रक्कम किंवा दहा हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल तेवढीच राहते. त्यामुळे तक्रार घेणारा माणूस आणि दूरध्वनी चोवीस तास उपलब्ध ठेवण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा.

परवाना मिळाला नाही तर

नकाराविरुद्ध ३० दिवसांत केंद्र सरकारकडे अपील करता येते. अर्ज फेटाळला गेल्यास किंवा परवाना परत केल्यास पुन्हा अर्ज करण्यासाठी एक वर्ष थांबावे लागते. अपुऱ्या तयारीने केलेला अर्ज म्हणूनच महाग पडतो: शुल्क दहा हजारांचे असले, तरी खरी किंमत त्या वर्षाची असते.

ज्यांच्याकडे पाच कोटी नाहीत, पण ग्राहक आहेत, त्यांना ‘को-ब्रँडिंग’चा मार्ग खुला आहे. वर सांगितलेल्या उपाहारगृहांच्या कंपनीला तोच अधिक सोयीचा पडेल. परवानाधारक कंपनी किंवा बँक कार्ड देते, त्यावर तिचे नाव ठळकपणे असते, पैसा तिच्या व्यवस्थेत राहतो आणि ग्राहकाप्रती सर्व जबाबदारीही तिचीच असते. उपाहारगृहाने कार्डाचा प्रसार आणि वितरण करायचे. त्यानंतर शेजारच्या पुस्तकाच्या दुकानात कार्ड चालले, तरी ग्राहकाचे पाचशे रुपये उपाहारगृहाच्या खात्यात येत नाहीत. करार करताना परवानाधारकाचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील अधिकृत संस्थांच्या यादीत आहे का हे स्वतः पाहावे, आणि उद्या करार संपला तर ग्राहकांच्या शिलकीचे काय होईल याचे कलम सही करण्याआधी लिहून घ्यावे.